विश्लेषण : ट्रकच्या मागच्या जोडीतला आतला टायर बसला, तरी चालकाला कळत का नाही?

करंजीहून पांढरकवड्याकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून रात्री दुचाकीने जाणाऱ्याला दोन गोष्टी चुकवाव्या लागतात. एक म्हणजे रस्त्यात बसलेली गुरे आणि दुसरी म्हणजे टायरच्या सुटलेल्या काळ्या पट्ट्या. दिव्याच्या उजेडात त्या ऐनवेळी दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची संख्या वाढते. ज्या ट्रकची ती पट्टी असते तो ट्रक बहुतेक वेळा पुढे कुठे तरी ढाब्याजवळ जॅकवर चढवलेला असतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘टायर फुटला’.

टायर असा एका क्षणात क्वचितच फुटतो. तो काही तास, कधी काही दिवस आतून मरत असतो आणि मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असलेल्या गाडीत हे मरण लपून राहते. मोटारीची हवा गेली की स्टिअरिंग ओढते. दुचाकीची गेली की गाडी डुलते. ट्रकच्या मागच्या जोडीतला आतला टायर पूर्ण बसला तरी शेजारचा बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो. केबिनमध्ये काहीच जाणवत नाही. हा विषय एवढ्यावरच उभा आहे.

यवतमाळसाठी हा विषय महत्त्वाचा का?

यवतमाळ जिल्ह्याचा माल चाकांवर चालतो. शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेत असे. ती बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचे काम वर्षानुवर्षे सुरू आहे. त्यामुळे वणी पट्ट्यातला वेकोलिचा कोळसा, राजूरचा चुना, मुकुटबनचे सिमेंट, पांढरकवडा-वणीच्या जिनिंगमधल्या रुईच्या गाठी आणि सरकी यांतला मोठा वाटा ट्रक आणि टिप्परच वाहतात. उत्तर-दक्षिण भारताला जोडणारा महामार्ग ४४ वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जिल्ह्यातून जातो आणि पिंपळखुटीनंतर पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. म्हणजे आपल्या ‘एमएच २९’च्या गाड्या तर आहेतच, शिवाय पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या गाड्याही आपल्याच उन्हात तापतात.

ऊनही साधे नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तो सावलीतला आकडा असतो, डांबर त्याहून बरेच जास्त तापते. त्यात भरलेली गाडी आणि खाणीकडच्या रस्त्यांवरचे खड्डे व कोळशाचे टोकदार तुकडे. टायरची परीक्षा घ्यायला याहून कठीण जागा विदर्भात शोधावी लागेल.

हा प्रश्न फक्त ट्रकमालकांचा नाही. एसटीच्या बसला मागे चार टायर असतात. गावात खत घेऊन येणाऱ्या ४०७ ला असतात आणि लग्नाचे वऱ्हाड नेणाऱ्या मोठ्या ट्रॅव्हल्सलाही असतात.

जोडीत दोन टायर असताना धोका कमी व्हायला हवा ना?

तसे वाटते खरे. पण दोन टायर असल्याने वजन आपोआप निम्मे-निम्मे होत नाही. बैलजोडीतला एक बैल ढिला पडला की जू दुसऱ्याच्या मानेवर येते, तसेच हे आहे. दोन्ही टायरांत हवा सारखी आणि दोन्हींची उंची सारखी असेल तरच ओझे वाटले जाते.

आकड्यांत पाहू. मागे एक अ‍ॅक्सल आणि चार टायर असलेल्या ट्रकच्या त्या अ‍ॅक्सलवर केंद्र सरकारने जुलै २०१८ पासून ११.५ टन भार मंजूर केला. त्याआधी मर्यादा १०.२ टन होती. ११.५ टन चार टायरांत विभागले तर प्रत्येकाच्या वाट्याला २,८७५ किलो येतात. आता समजा एका बाजूच्या आतल्या टायरची हवा पूर्ण गेली. बाहेरच्यावर जवळपास दुप्पट, म्हणजे साडेपाच टनांहून अधिक वजन पडते. त्याची क्षमता तीन-सव्वातीन टनांची असते. गाडी मात्र चालतच राहते.

पूर्ण बसलेला टायर निदान कधी तरी दिसतो. अर्धवट बसलेला अधिक घातक. १२० ऐवजी ९० पौंड हवा असलेला टायर डोळ्याला जवळपास चांगला दिसतो, पण प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू जास्त दबते आणि सुटते. टायरचा एक फेरा सुमारे सव्वातीन मीटरचा असतो, म्हणजे एका किलोमीटरला तीनशेच्या वर वेळा तो दबतो. एखादी तार सारखी वाकवून-सरळ करून पाहा, वाकते तिथे ती गरम होते आणि शेवटी तुटते. टायरच्या बाजूच्या पोलादी तारांचे तेच होते. उष्णतेने रबर आणि तारा यांची पकड सैल होते, वरचा पट्टा सुटू लागतो आणि एक दिवस वडकी-करंजीच्या मध्ये कुठे तरी तो रस्त्यावर पडतो.

अशा पट्ट्या पाहिल्या की आपण ‘रिमोल्ड होता, सुटणारच’ असे म्हणतो. अमेरिकेत महामार्गांवरून असे तुकडे गोळा करून मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तपासले होते. त्यांच्या २००८ च्या अहवालानुसार रबर चढवलेले टायरच जास्त तुटतात असे आढळले नाही. रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेली इजा, अति उष्णता आणि देखभालीतला हलगर्जीपणा ही कारणे पुढे होती. चांगल्या सांगाड्यावर चढवलेले रबर नीट चालते. पण हवा कमी ठेवून सांगाडाच शिजवला असेल तर वरचे रबर किती दिवस टिकणार?

आतलाच टायर आधी का जातो?

याला तीन-चार कारणे आहेत आणि ती एकमेकांना मदत करतात. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरवर भार जास्त येतो. जड ओझ्याखाली अ‍ॅक्सल किंचित वाकतो, त्याचाही भार आतच जातो. आतला टायर ब्रेक ड्रमच्या शेजारी असतो आणि बाहेरच्या टायरमुळे त्याला वारा कमी लागतो. म्हणजे काम जास्त, गरमी जास्त आणि वारा कमी.

शेवटचे कारण माणसाचे आहे. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या खिडकीतून, हात घालून, चिखल-कोळशाची धूळ बाजूला करून शोधावा लागतो. चाके बसवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर ठेवले तर आतल्याचा व्हॉल्व्ह खिडकीतून सहज हाती लागतो. घाईत चाक कसेही बसवले की तो झाकला जातो आणि पुढचे चाक काढेपर्यंत त्या टायरची हवा कोणी तपासत नाही. ज्या टायरला सर्वांत जास्त तपासणी हवी, त्यालाच सर्वांत कमी मिळते.

व्हॉल्व्हपर्यंत नळी ओढून घेणारे एक्स्टेंशन मिळते. त्याची किंमत नव्या टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे. त्यावर धातूचे टोपण मात्र असायलाच हवे. टोपणाशिवाय धूळ आत शिरते आणि हवा हळूहळू निसटते. आपल्याकडे निम्म्या गाड्यांची टोपणे गायब दिसतात, हे कोणत्याही ढाब्यावर उभे राहून मोजता येईल.

टॉमी मारून आवाज ऐकला तर?

ही आपली जुनी पद्धत. चालक किंवा क्लीनर गाडीभोवती फिरतो, प्रत्येक टायरवर टॉमी मारतो आणि आवाजावरून ‘ठीक आहे’ म्हणतो. पद्धत पूर्ण टाकाऊ नाही. बसलेला टायर आवाजात लगेच कळतो आणि गाडीभोवती फिरल्याने दोन टायरांत अडकलेला दगडही दिसतो. तो काढलाच पाहिजे. वेगात सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर गोळीसारखा जातो आणि अडकून राहिला तर दोन्ही टायरांच्या बाजू कापतो. खाणीच्या रस्त्यावरून बाहेर येणाऱ्या प्रत्येक टिप्परने डांबरावर चढण्याआधी एकदा थांबून हे पाहायला हवे.

पण १२० आणि ९५ पौंडांतला फरक टॉमीच्या आवाजात कळत नाही. मुरलेल्या चालकालाही नाही. अनुभवी लोक यावर वाद घालतील. त्यांनी एकदा मनात अंदाज धरावा, मग गेज लावून पाहावे. आतल्या-बाहेरच्या दोन्ही व्हॉल्व्हवर चालणारे, लांब दांड्याचे, दोन तोंडांचे गेज मिळते. ते गाडीत असावे. पंक्चरच्या दुकानातले गेज रोज दहा वेळा जमिनीवर पडलेले असते, त्यामुळे आपले गेजही महिन्यातून एकदा दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून पाहावे.

दहाचाकी गाडीला दहा टायर, त्यातले चार आतले. सवय झाली की सगळी हवा तपासायला दहा-बारा मिनिटे लागतात.

दुपारी हवा वाढलेली दिसली तर थोडी काढावी का?

नाही. उन्हाळ्यात सर्वाधिक टायर याच चुकीने खराब होतात, असे म्हणायला हरकत नाही.

समजा पहाटे २७ अंशांना टायर थंड असताना १२० पौंड हवा भरली. दुपारी चालून-चालून आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, हा शाळेतला नियम. हिशोब केला तर गेजवर १३५ च्या आसपास आकडा दिसेल. टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. चालकाला मात्र वाटते की टायर फुटेल. तो १५ पौंड काढतो, गेजवर १२० दिसते, मनाला बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर तिथे १०७ च्या जवळ हवा उरलेली असते. म्हणजे फुटू नये म्हणून जे केले, त्याने टायर फुटण्याकडेच नेला. कमी हवेने तो आणखी तापतो, आणखी दाब दाखवतो आणि एखादा चालक आणखी हवा काढतो.

म्हणून नियम एकच. हवा थंड टायरात मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना आणि उन्हात नसताना. मोजमाप सकाळी निघण्याआधी. वाटेत मोजली आणि वाढलेली दिसली तर हात लावायचा नाही. मात्र वाटेत, गरम असूनही, एक टायर शेजारच्यापेक्षा बराच कमी दाखवत असेल तर तो गळतो आहे असे धरावे आणि तिथेच थांबावे.

एक टायर इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर त्याचीही चौकशी हवी. थांबल्यावर तळहाताची मागची बाजू टायरच्या जवळ नेऊन पाहिली तरी फरक कळतो. कारण कमी हवा असेल किंवा ब्रेक चिकटत असेल. दोन्हींतून आग लागू शकते. तापलेला आतला टायर चालत असताना वाऱ्याने कसाबसा थंड राहतो आणि गाडी थांबली की पेटतो. कोळशाच्या टिप्परला हा धोका आहेच, पण वर कापूस असेल तर? कापूस भरलेली गाडी विझवायला एक अग्निशमन बंब पुरत नाही. हंगामात पांढरकवडा किंवा वणीच्या जिनिंगच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्या पाहिल्यावर या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गाडी आवारात घेण्याआधी फाटकावर चाकांजवळ हात धरून पाहणारा एक माणूस ठेवणे जिनिंगवाल्यांना जड जाऊ नये.

उन्हाळ्याइतकाच हिवाळाही ध्यानात ठेवावा. मेच्या दुपारी ४४ अंशांच्या सावलीत १२० भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना, एक कणही न गळता, १०६-१०७ वर आलेला असतो. ऋतू बदलला की हवा पुन्हा लावायची.

नायट्रोजन भरला की हे सगळे टळते, असेही सांगितले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर तोही जवळपास तेवढाच फुगतो. त्यात ओल नसते आणि तो थोडा सावकाश गळतो, हे फायदे आहेत. पण नायट्रोजन भरला म्हणून महिनाभर गेज न लावणारा मालक पैसे देऊन निष्काळजीपणा विकत घेतो.

हवा किती भरायची?

‘सगळ्यांत १२० ठोक’ हे उत्तर नाही. ट्रकच्या टायरांसाठी आकडा साधारण ११० ते १३० पौंडांच्या घरात असतो, पण तो टायरच्या मापावर, थरांवर आणि अ‍ॅक्सलवरच्या वजनावर ठरतो. गाडीच्या पुस्तकात किंवा टायर कंपनीच्या तक्त्यात तो असतो. तो आकडा रंगाने चाकाच्या वर, मडगार्डवर लिहून ठेवावा. अनेक गाड्यांवर आपण वाचतो ती शायरी राहू द्यावी, तिच्या शेजारी थोडी जागा असतेच.

इथे एक बारकावा आहे आणि टायर बदलताना तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. टायरच्या बाजूला ‘१४६/१४३’ अशासारखे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायर एकटा लावल्यावरची क्षमता सांगतो, दुसरा जोडीत लावल्यावरची. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो. तोच टायर जोडीत गेला की त्याची क्षमता कमी धरतात, कारण जोडीत भार कधीच अगदी समान वाटला जात नाही आणि उष्णता जास्त होते, हे बनवणाऱ्यालाही माहीत असते.

आता चार टायरांचा हिशोब करा. २,७२५ गुणिले ४, म्हणजे १०,९०० किलो. जुन्या १०.२ टनांच्या मर्यादेला हे पुरत होते. ११.५ टनांच्या नव्या मर्यादेला ते ६०० किलो कमी पडते. म्हणजे काट्यावर कायदेशीर असलेली गाडी टायरच्या हिशोबाने जादा भरलेली असू शकते. त्या मर्यादेला ‘१४९/१४६’ किंवा त्याहून वरचा टायर लागतो, ज्याची जोडीतली क्षमता ३,००० किलो आहे. नव्या गाड्यांना कंपनीकडून योग्य टायर येतात. प्रश्न येतो तो दोन वर्षांनी, जुन्या बाजारातून ‘त्याच मापाचा’ टायर आणताना. माप तेच असले तरी क्षमता तीच असेल असे नाही.

कायद्याने मंजूर वजनाच्या वर भरणाऱ्यांना हवेचा कोणताच तक्ता मदत करत नाही. जादा भाराला आज २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. त्या दंडाची भीती काट्यावर वाटते, टायरची भीती कुणालाच वाटत नाही.

जोडी लावताना नवा-जुना चालतो का?

जोडीतली दोन्ही चाके एकत्र बोल्ट केलेली असतात, ती सारखेच फेरे घेतात. व्यासात फरक असेल तर लहान टायर प्रत्येक फेऱ्यात फरपटतो. फरक फक्त ६ मिलिमीटरचा असला तरी एका किलोमीटरला सुमारे पावणेसहा मीटर, शंभर किलोमीटरच्या खेपेत अर्ध्या किलोमीटरहून जास्त. शिवाय मोठ्यावर भार जास्त जातो. टायर कंपन्या व्यासातला फरक साधारण या ६ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. नव्या टायरची नक्षी १५ मिलिमीटरच्या आसपास खोल असते. त्याच्या शेजारी निम्मा झिजलेला लावला की व्यासात १५ मिलिमीटरचा फरक पडतो. मर्यादेच्या अडीचपट. नाइलाजाने थोडा फरक ठेवावाच लागला तर मोठा बाहेर आणि लहान आत. स्टेपनी म्हणून गोटा झालेला टायर बाळगणाऱ्यांनी हे विशेष वाचावे. ती स्टेपनी जोडीत गेली की चांगल्या टायरलाही घेऊन बुडते. हवेतला फरकही जोडीत ५ पौंडांपेक्षा जास्त नको.

बसलेल्या टायरात लगेच हवा भरली तर काय होते?

इथे जीव जातो आणि तो बहुधा चालकाचा नसतो. महामार्गाकडेच्या टपरीत उकिडवे बसून हवा भरणाऱ्या मुलाचा असतो.

ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली जाऊन चाललेला टायर, म्हणजे १२० च्या जागी ९६ किंवा कमी, हा बसून चाललेला टायर समजायचा, असा टायर उद्योगाचा दंडक आहे. त्याच्या बाजूच्या पोलादी तारा आतून थकलेल्या असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. त्यात पुन्हा पूर्ण दाबाने हवा भरली की बाजू पिशवीच्या चेनसारखी एका रेषेत उलगडत जाते आणि आतली सगळी हवा एका क्षणात बाहेर पडते. जवळचा माणूस त्यातून वाचत नाही. ट्यूब असलेल्या टायरला लोखंडी रिंगचे डिस्क असते. ती रिंग गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली असेल तर हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी उडते.

म्हणून असा टायर आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण रिकामा करायचा, मगच नट सैल करायचे. जोडीतले एक चाक काढायचे असले तरी दोन्हींची हवा काढावी. टायर डिस्कवरून काढून आतून पाहायचा. हवा लोखंडी पिंजऱ्यात भरायची, लांब नळीने, चिमटा व्हॉल्व्हला लावून, स्वतः बाजूला उभे राहून. पिंजरा नसेल तर निदान चाकाभोवती जाड साखळी. रिंगवर हातोडी मारत हवा भरणे, जे आपण रोज पाहतो, ते कधीच नाही. अमेरिकेत अशा रिंगच्या चाकांसाठी पिंजरा किंवा तशा बंदोबस्ताशिवाय हवा भरायला १९८० पासून नियमाने बंदी आहे. आपल्याकडे वणीच्या बाहेर, करंजीच्या चौफुलीवर, पाटणबोरीला अशी किती दुकाने आहेत आणि त्यांतल्या किती दुकानांत पिंजरा आहे, हे जाता-येता कोणीही पाहू शकतो.

पिंजरा म्हणजे काही जाड लोखंडी नळ्या आणि एका दिवसाचे वेल्डिंग. एवढा खर्च टपरीवाला करणार नाही, कारण त्याला रोजचे पोट आहे. पण ज्या वाहतूक कंत्राटदारांच्या पन्नास-पन्नास गाड्या त्याच्याकडे येतात, ते करू शकतात.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ मध्ये टायर योग्य हवा भरलेले आणि सुस्थितीत ठेवावेत असे म्हटले आहे. नक्षीसाठी तिथे आकडाही आहे. दुचाकी-तीनचाकी वगळता इतर वाहनांना किमान १.६ मिलिमीटर. नक्षी डोळ्याने दिसते, वजन काट्यावर कळते, म्हणून तपासणी या दोनच गोष्टींची होते. हवेचे ‘योग्य’ किती हे पाहायला अधिकाऱ्याला गेज लावावे लागेल, तेही आतल्या टायरला, आणि टायर गरम असताना त्याचा अर्थ लावावा लागेल. ते होत नाही. योग्यता प्रमाणपत्राच्या दिवशी गाडी धुऊन, हवा भरून नेली जाते. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दर वर्षी येणाऱ्या त्या एका दिवसाचा रोजच्या हवेशी संबंध नाही.

अपघातानंतरही टायरकडे पाहिले जाते ते बहुधा कारण म्हणून. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा वाचलेल्या चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. ‘टायर फुटला’ हे वाक्य किती हाताशी असते, हे त्यातून दिसले. खरोखर फुटलेल्या टायरचे तुकडे मात्र जपून ठेवून, त्यात हवा कमी होती का, बाजू आतून शिजली होती का, हे क्वचितच कोणी पाहते. आपल्या पोलीस पंचनाम्यात टायरचा दाब लिहायला रकानाच नको का?

मग हवा तपासायची कुठे आणि कोणी?

पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे. पण अनेक पंपांवरचे यंत्र मोटारीच्या ३०-३५ पौंडांच्या हिशोबाचे असते, तिथे चौदाचाकी गाडी वळतही नाही. मग उरते टपरी. ती प्रत्येक टायरमागे पैसे घेते. चालकाला खेपेवर पैसे मिळतात आणि हवेचा खर्च बहुतेक वेळा त्याच्या वाटखर्चातून जातो. ज्याच्या खिशातून हवेचे पैसे जातात त्याचा टायर नसतो आणि ज्याचा टायर असतो तो यवतमाळ किंवा नागपूरला बसलेला असतो. चालकाला आळशी म्हणणे सोपे आहे. आम्हाला मात्र हा दोष मालकांच्या हिशोबाचा वाटतो. हवेचा खर्च वाटखर्चातून काढून मालकाच्या खात्यात टाकला, तर निम्मे काम होईल. टायर पूर्ण आयुष्य चालला तर डिझेलचीही थोडी बचत होते, तेव्हा मालकाचा तोटाही नाही.

मोठ्या गाड्यांसाठी व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर आता मिळतात, केबिनमध्ये प्रत्येक टायरचा दाब आणि तापमान दिसते. जोडीतल्या दोन टायरांची हवा आपोआप सारखी ठेवणारी जोडनळीही आहे. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावे. ज्यांच्याकडे एकच गाडी आणि तिचेही हप्ते सुरू आहेत, त्यांच्यासाठी गेज आणि दहा मिनिटे.

ही दहा मिनिटे मिळतात कुठे, याचे उत्तर वणी पट्ट्यातच आहे. उकणी, निलजई, घोन्सा अशा खाणींबाहेर कोळसा भरण्यासाठी आणि काट्यासाठी रिकाम्या गाड्यांची रांग लागते. चालक तासन् तास झाडाखाली बसून असतो. गाडी रिकामी, टायर थंड, वेळ भरपूर. हवा तपासायला यासारखी वेळ नाही. त्या रांगेच्या तोंडाशी वेकोलिने एक मोठा कॉम्प्रेसर, पिंजरा आणि दोन चांगले गेज ठेवले, हवा मोफत दिली आणि काट्याच्या पावतीवर ‘टायर तपासले’ असा एक शिक्का ठेवला तर खाणीच्या खर्चात त्याने काही फरक पडणार नाही. सिमेंट कारखान्याचे फाटक, कापूस हंगामात बाजार समितीचे आवार आणि पिंपळखुटीचा तपासणी नाका इथेही हे करता येईल. नाक्यावर कागद तपासायला गाडी थांबतेच, फक्त तिथे टायर गरम असतो. तेव्हा हवा काढू नये, जोडीतला फरक पाहावा आणि दोन टायरांतला दगड काढून गाडी सोडावी.